खरकट्याचं वजन

थोरलीनं बादली दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवली आणि आकडा थांबायची वाट पाहत उभी राहिली. आकडा चढला, डगमगला, आणखी थोडा चढला आणि थांबला. चांगला घसघशीत होता. तिला हसू आलं. आजूबाजूला शाळेतल्या बाया उभ्या होत्या, म्हणून तिनं ते गालातल्या गालात ठेवलं आणि आकडा टिपून घेतला.

"जास्त आहे का हो?" त्यातल्या एका बाईंनी घाबरत विचारलं.

"आहे तेवढं आहे. मी काही पदरचं घालत नाही."

काम तसं साधं, पण चारचौघांत सांगायची सोय नाही. शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळायचं आणि त्यातलं ती किती टाकतात, ते मोजायचं थोरलीचं काम. किती शिजवलं ते कुणीही सांगेल. पोटात किती गेलं ते फक्त खरकट्याची बादली सांगते, असं तिचं ठाम मत होतं आणि त्या मतावर तिनं नोकरीची सगळी वर्षं काढली होती. कार्यालयात तिच्या मोजमापाला मान होता. मुलं तिला 'वजनवाल्या बाई' म्हणायची. आपल्या तब्येतीकडे बघून म्हणत नसावीत, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

या खेपेला शाळा दोन होत्या. जेवण दोन्हीकडे तेच, एकाच स्वयंपाकघरातून आलेलं. पहिल्या शाळेत मुलं नेहमीसारखी जेवायची आणि ताटं खरवडायला बाया असायच्या. या दुसऱ्या शाळेत मात्र वर्षभर सकस आहाराचा एक नवा कार्यक्रम चालला होता. मुलं भाज्या धुवायची, सोलायची, आपल्या हातानं वाढून घ्यायची, आपली ताटं आपणच खरवडायची. मोठी माणसं त्यांच्याबरोबर त्याच टेबलांशी बसून तेच जेवायची. मुलं भाज्या खायला लागली असं दिसलं, तर पुढच्या वर्षी कार्यक्रम सगळ्या शाळांत जाणार होता. नाही दिसलं, तर इथंच गुंडाळायचा. आणि ते ठरणार होतं थोरलीच्या बादल्यांवरून.

आता यातली खरी गोम अशी की, हा कार्यक्रम जिनं काढला, वर्षभर राबून चालवला आणि जिचं नाव हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, ती थोरलीची सख्खी धाकटी बहीण होती.

साहेबांना ते ठाऊक होतं. काम सोपवताना त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं,

"बहिणीचा कार्यक्रम आहे तुमच्या. झुकतं माप तर नाही ना द्यायच्या?"

"माझं माप झुकत नाही, साहेब."

"ते माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला पाठवतोय."

झुकलं तर बहिणीच्या बाजूनं झुकेल, एवढंच साहेबांच्या मनात आलं. दुसऱ्या बाजूला झुकू शकतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर थोरलीच्याही आलं नाही.

नियम असा होता: भरलेली बादली तोलायची, मग ती रिकामी करवायची, पुन्हा तोलायची आणि रिकामीचं वजन वजा करायचं. पहिल्या शाळेत थोरलीनं आठवडाभर हे इमानेइतबारे केलं होतं. इथं तिनं बादली रिकामी होईपर्यंत वाट पाहिली नाही. निळ्या बादल्या सगळ्या शाळांना कार्यालयातूनच गेलेल्या, सगळ्या एका मापाच्या. रिकामीचं वजन तिला तोंडपाठ होतं. ते वजा केलं की झालं. शिवाय तिला तिथं उभं राहवत नव्हतं.

उभं राहवत नव्हतं, ते जेवणाच्या वेळी जे पाहिलं त्यामुळे.

मुलं लांब टेबलांशी बसली होती. धाकटी मधोमध, एका दोन वेण्यांच्या मुलीशेजारी. त्या मुलीनं बिटाच्या फोडी ताटाच्या कडेला सारून ओठ घट्ट मिटून घेतले होते. धाकटी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती आपली जेवत होती, पलीकडच्या बाईंशी गप्पा मारत होती. तेवढ्यात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर उभी राहिली आणि पावलं टाकत त्या मुलीच्या ताटाकडे निघाली. एक पाऊल नीट, एक लंगडं. एक नीट, एक लंगडं.

"चोर आला हं," धाकटी कुजबुजली. "पाय न वाजवता आला. याला काय आवडतं बरं? याला बीट फार आवडतं."

"चोर! चोर!" मुलगी किंचाळली आणि बोटं ताटाशी पोचायच्या आत तिनं फोड तोंडात टाकली.

मग सगळ्या टेबलांवर चोर सुटले. शाळेतल्या सगळ्या बाया, मुख्याध्यापकसुद्धा, आपापली दोन बोटं घेऊन निघाले. आणि सगळ्यांचे चोर एका पायानं लंगडत होते. का लंगडत होते हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. धाकटीचा लंगडतो म्हणून त्यांचाही लंगडायचा.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो चोर तिचा होता.

आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती तेव्हाची गोष्ट. धाकटी तेव्हा एवढीशी, नुकती बोलायला लागलेली आणि खायच्या नावानं शंख. थोरली स्वतः शाळेत जाणारी पोर. बाबा कामावर. थोरली समोर वाटी घेऊन बसायची आणि धाकटी दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटून घ्यायची. रागावून झालं, गाणी म्हणून झाली, एकदा तर थोरली स्वतःच रडली. मग एक दिवस तिनं हताश होऊन बोटं टेबलावर चालवली. त्यातलं एक बोट पातेल्याला लागून भाजलं होतं, त्याला चिंधी बांधलेली होती, ते टेकवलं की दुखायचं. म्हणून चोर लंगडला. धाकटी आधी बघत राहिली, मग खुदकन हसली आणि त्या हसण्यात पहिला घास आत गेला. पुढं कितीतरी दिवस त्या चोरानंच धाकटीला वाढवलं, म्हणा ना.

आणि आज तोच चोर पेपरात 'मॅडमची अभिनव कल्पना' झाला होता.

"ताई, जेवून जा ना गं," धाकटीनं हाक मारली होती.

"मी ड्यूटीवर असते तेव्हा जेवत नाही," थोरली म्हणाली आणि बादलीजवळ जाऊन उभी राहिली.

घरी आली तर बाबा दारातच पेपर घेऊन बसलेले. बाबा थोरलीकडेच राहायचे. त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, रात्री लागणारं गरम पाणी, सगळं थोरली बघायची. धाकटी रविवारी येऊन घटकाभर बसायची, फळं आणायची, आणि पुढचा रविवार येईपर्यंत घरात त्या फळांचं कौतुक चालायचं.

"फोटो आलाय बघ धाकटीचा," बाबा म्हणाले. "त्या चोराच्या खेळाबद्दल लिहिलंय. नाव काढलं हो पोरीनं."

"बघितला सकाळी."

"अगदी आईवर गेलीये. हनुवटी बघ."

"आणि मी कुणावर गेलेय?"

बाबांनी पेपर खाली केला. खरोखरीच विचारात पडले.

"तू होय? तू आपली कामाची आहेस," ते म्हणाले आणि यात आपण काही वावगं बोललो असं त्यांच्या गावीही नव्हतं.

थोरली आत गेली आणि तिनं गाजरं अशी काही चिरली की शेजारीणसुद्धा डोकावून गेली.

आठवडाभर असंच चाललं. रोज दुपारी मुलांची ताटं डोळ्यांसमोर लख्ख होत होती आणि रोज बादली जड निघत होती. हे जमत नव्हतं, ते थोरलीला दिसत होतं. पण त्यावर तिनं तोडगा काढला. मुलं मोठी लबाड असतात, ती स्वतःला म्हणाली. बाईंसमोर तोंडात घालतात आणि बादलीशी गेल्यावर थुंकतात. कौतुक करून घ्यायची सवय लावली की असंच व्हायचं. हा विचार तिला इतका पटला की त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

शेवटच्या दिवसाचा आकडा आला तशी तिनं दोन्ही शाळांची बेरीज मांडली. कार्यक्रमाच्या शाळेत खरकटं जास्त. थोडंथोडकं नव्हे, चांगलं जास्त. साहेबांना तिनं तोंडी कानावर घातलं. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि दोन दिवसांनी बैठक ठेवली. धाकटीला फोन मात्र थोरलीनं स्वतः केला. तेवढं समाधान ती दुसऱ्या कुणाला मिळू देणार नव्हती.

थोरलीनं आकडा सांगितला आणि विचारलं,

"अगं, आहेस ना?"

"आहे," धाकटी म्हणाली. "तू स्वतः मोजलंस, ताई?"

"मग काय शेजाऱ्यानं मोजलं?"

"नाही, तसं नाही गं. तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार. माझंच कुठंतरी चुकलं."

थोरलीनं फोन ठेवला. खरं तर मनातल्या मनात गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. झाल्याही. पण ते कानाला लागलेलं 'बरोबरच असणार' काही केल्या जाईना.

काटा त्या शाळेतच राहिला होता. तो आणायला ती बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी गेली, तेव्हा शाळा सुटली होती आणि भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या मोरीशी बादल्या धूत होत्या. धुतलेल्या बादल्या भिंतीला उपड्या घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी, स्वच्छ घासलेला, बशीएवढा एक चपटा काळा दगड उन्हात वाळत होता.

"हा दगड कसला, मावशी?"

"तो होय? बादलीतला."

"बादलीतला?"

"कार्यक्रमाच्या बाईंनी टाकायला लावलाय. पोरं आपली आपण ताटं खरवडतात ना, सगळी एकदम झोंबतात. बादली हलकी, रोज लवंडायची. खोलीभर खरकटं. मग बाई म्हणाल्या, तळाशी दगड ठेवा. तेव्हापासून एकदा लवंडली असेल तर शपथ."

"कधीपासून आहे हा?"

"झाले की महिने." मावशी हात पुसत उठल्या. "कधी कधी खरकट्याबरोबर खड्ड्यात जातो. मग मीच हुडकून आणते. चांगला दगड मिळतो कुठं?"

मावशी आत गेल्या. थोरलीनं इकडे तिकडे पाहिलं आणि दगड उचलून काट्यावर ठेवला. काट्याकडे बघायचीही गरज नव्हती. उचलतानाच हाताला कळलं होतं. तरी तिनं पाहिलं. मग उभ्या उभ्या आठवड्याचं गणित केलं. रोजच्या आकड्यातून हा दगड काढला, तर खाली उरत होतं ते मूठ-दोन मूठ. पहिल्या शाळेच्या निम्मंही नाही. मुलं खात होती. डोळ्यांना दिसत होतं तेच खरं होतं.

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. आकडा कमी आला असता, तर तिनं बादली रिकामी करवली असती, धुववली असती, दोनदा तोलली असती, काटा बिघडलाय की काय तेही बघितलं असतं. जास्त आला म्हणून तिनं वाकून तळाशीसुद्धा पाहिलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. ही चूक हाताची नव्हती, पोटात जे खदखदत होतं त्याची होती, आणि हे तिला स्पष्ट कळलं.

कळलं, आणि तरीही तिनं दगड उचलून पुन्हा होता तिथं, होता तसा ठेवला. मावशींना वजाबाकीचं काय पडलंय? धाकटीनं रिकामी बादली तोलली का म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं. थोरलीनं काटा काखोटीला मारला आणि घरचा रस्ता धरला. होऊ दे की एकदा नापास, चालताना ती मनात म्हणत होती. एकदा होऊ दे. रोज रोज पहिला नंबर कशाला लागतो माणसाला?

संध्याकाळी धाकटी आली. रविवार नव्हता, फळंही नव्हती. डोळे सुजलेले. थोरलीनं काही न विचारता तिचं ताट वाढलं. तिघं जेवायला बसली.

"जेव गं," बाबा म्हणाले.

"भूक नाही, बाबा."

"असं करू नये. ताईनं गाजर घातलंय बघ, तुला आवडतं ते."

धाकटी ताटाकडे बघत बसली. मग म्हणाली,

"ताई, तुला काय वाटतं? कुठं चुकलं माझं? माझ्या डोळ्यांसमोर खायची गं पोरं. मग टाकायची कधी?"

"मुलंच ती," थोरली आपल्या घासाकडे बघत म्हणाली. "मोठ्यांना खूश करतात."

"मला कळायला हवं होतं. मी आपली त्यांच्या टाळ्यांवर भाळले." तिनं ताट थोडं पुढं सरकवलं. "मावशींना काय सांगू कळत नाही. पोरांना काय सांगू? उद्यापासून चोर येणार नाही म्हणून?"

बोलून ती गप्प झाली आणि तिनं ओठ मिटून घेतले. अगदी घट्ट. खालचा ओठ जरा पुढं आलेला. एवढी वर्षं झाली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, पण ओठ मिटायची तऱ्हा तीच. थोरलीनं ते पाहिलं आणि तिचं तिलाही कळायच्या आत तिची दोन बोटं टेबलावर उभी राहिली. एक पाऊल नीट, एक लंगडं. पाण्याच्या तांब्याला वळसा घालून ती धाकटीच्या ताटाकडे निघाली.

धाकटीनं बोटांकडे पाहिलं. तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. चोर पोचायच्या आत तिनं गाजराची फोड तोंडात टाकली.

"म्हणजे तुलाही आठवतो तर!" ती घास गिळत म्हणाली.

थोरलीनं बोटं मागं घेतली. आता म्हणेल. आता तरी म्हणेल. तिनं शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं,

"न आठवायला काय झालं? पण तुला ही युक्ती सुचली कुठून, ते तर सांग."

"सुचली कुठली? आईचीच तर आहे."

"आईची?"

"आईचा चोर. तू मोठी होतीस, तुला जास्त आठवत असेल. मला तिचा चेहरा नाही गं आठवत. खरंच नाही. फोटोत आहे तेवढाच. पण ती बाही आठवते. तपकिरी स्वेटरची, मनगटाशी जाडजूड दुमडलेली. त्यातून दोन बोटं बाहेर यायची, लंगडत लंगडत." धाकटीनं डोळे पुसले. "माझ्यापाशी आईचं एवढंच आहे बघ. म्हणून तर वाटलं, सगळ्या पोरांना द्यावं."

तपकिरी स्वेटर आईचाच होता. पण त्या थंडीत आईला तो अंगावर सहनसुद्धा होत नव्हता आणि थोरलीजवळ दुसरा नव्हता. तोच घालून, हात बाहेर यावेत म्हणून थोरली बाह्या तीन-तीनदा दुमडायची. आईच्या हातात तेव्हा चमचा धरायचीही ताकद उरली नव्हती. मागच्या खोलीतून ती बाहेर आलीच नाही.

हे सगळं थोरलीच्या ओठांशी आलं. अगं वेडे, ती बाही माझी होती! ते बोट माझं होतं, भाजलेलं! आयुष्यभर ती धाकटीवर जळत आली होती. पण आज ती गेलेल्या आईवर जळत होती, आणि एवढी जळत होती की तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाबांचा हात ताटात थांबला होता. ते थोरलीकडे बघत होते. संध्याकाळी कामावरून आल्यावर दारात उभं राहून त्यांनी कितीदा तरी तो चोर पाहिला होता. कुणाचा होता, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"अगं, पण तो तर..." बाबांनी सुरुवात केली.

"बाबा, भाजी वाढू?"

"नको. मी काय म्हणत होतो..."

"घ्या थोडी," थोरली म्हणाली आणि त्यांच्या होकाराची वाट न बघता तिनं दोन डाव भाजी त्यांच्या ताटात घातली. बाबांनी एकदा तिच्याकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं आणि मान खाली घालून ते जेवायला लागले. धाकटीनं आपलं ताट स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीला थोरली उशिरा आली. असं कधी होत नसे. साहेब, त्यांच्या शेजारी वरच्या कार्यालयातल्या एक बाई, मुख्याध्यापक आणि भिंतीकडेला अंग चोरून बसलेली धाकटी, सगळे तिचीच वाट बघत होते. थोरलीच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं पिशवीतून दगड काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. टेबलावरचे चहाचे कप खडखडले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बादलीतला दगड. बादली लवंडू नये म्हणून तळाशी असतो. हा वजा करायचा राहिला."

"अगं बाई, तो दगड!" धाकटी ओरडली आणि तिनं तोंडावर हात नेला.

"राहिला म्हणजे? कुणाकडून?"

"माझ्याकडून."

"पण तुम्ही रिकामी बादली तोलता ना? तुम्हीच तर सगळ्यांना शिकवता."

"तोलते. इथं नाही तोलली."

"का?"

थोरलीला 'घाईत होते' म्हणता आलं असतं. 'बादल्या सारख्याच असतात' म्हणता आलं असतं, आणि ते सगळ्यांनी मानलंही असतं.

"आकडा मला आवडला म्हणून," ती म्हणाली.

धाकटीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर थोरलीला जरा बरं वाटलं असतं.

साहेबांनी दगडाचं वजन विचारलं, वजाबाकी केली, पुन्हा केली आणि कागद वरच्या बाईंपुढं सरकवला. त्या बाईंचा चेहरा खुलला. मुख्याध्यापकांनी धाकटीचे दोन्ही हात धरले. सगळ्या शाळांत, पुढच्या वर्षीपासून, असं काय काय बोलणं सुरू झालं. त्या गलक्यात साहेब थोरलीकडे वळून हळू आवाजात म्हणाले,

"पुढच्या खेपेला मला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल. समजून घ्या."

"पाठवा," थोरली म्हणाली.

"आणि हा चोराचा खेळ मूळ कुणाचा हो?" वरच्या बाई धाकटीला विचारत होत्या.

"आमच्या आईचा."

"वा! मग कार्यक्रमाला आईंचंच नाव देऊ या की." त्या कौतुकानं थोरलीकडे वळल्या. "तुम्हालाही अशाच भरवायच्या का हो?"

धाकटीनंही वळून पाहिलं. लहान मूल गोष्ट ऐकायला बसतं तशी ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. थोरलीच्या पोटात दुखत होतं ते दुखतच होतं. ते काही थांबलं नव्हतं.

"मला नाही लागायचं," ती म्हणाली. "मी आपली आपणच जेवायचे. हिला भरवायची तेव्हा दारातून बघायचे."

"मग तुला ठाऊक असेल, ताई," धाकटी पुढं सरकली. "तो लंगडायचा का गं? मला कधी कळलंच नाही."

"बोट भाजलं होतं तिचं. चिंधी बांधलेली असायची."

एवढं बोलून थोरलीनं उजव्या हाताची बाही मनगटावरून दोनदा वर दुमडली आणि टेबलावरचा दगड उचलला.

"जाते मी," ती म्हणाली. "मुलं जेवायला बसायच्या आत हा बादलीत गेला पाहिजे. नाहीतर लवंडेल आज."